पट्टा आधी सांगतो

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला रेडिओवर बोलायला बोलावलं की ऐकणाऱ्यांची एक अपेक्षा असते. पाऊस, आई, गाव, आठवणी यांपैकी कशावर तरी हा बोलणार आणि शेवटी एक कविता ऐकवणार. आज मी तुमची थोडी निराशा करणार आहे. कविता ऐकवणार नाही आणि बोलणार आहे ते कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर. होय, तोच पट्टा. नवा कॅमेरा घेतला की खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून येतो आणि पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं त्याच पिशवीत पडून राहतो, तो. आणि हे बोलणं फक्त कॅमेरेवाल्यांसाठी नाही. आज ज्याच्या खिशात मोबाइल आहे, त्याच्या खिशात कॅमेरा आहेच.

एवढ्याशा पट्ट्यावर बोलण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. सतरा वर्षांचा असताना मलाही असंच वाटायचं. तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या मामूंचा फोटो स्टुडिओ होता. जुन्या शहरात, सिटी चौकाच्या बाजूला. पुढे लाकडी काउंटर, त्याच्या काचेखाली पासपोर्ट साइझचे चेहरे, मागे रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर आमच्या मराठवाड्यात कुणी कधी न पाहिलेलं निळंशार तळं आणि त्यात पोहणारे हंस. आतली खोली अंधारी, लाल दिव्याची. कॉलेज सुटलं की मी तिथे जाऊन बसायचो. बी.ए.ची पुस्तकं काउंटरखाली आणि लक्ष गिऱ्हाइकाकडे. माझ्या पहिल्यावहिल्या मराठी कविता मी फोटोंच्या पाकिटांच्या पाठीवर लिहिल्या आहेत. त्यांतल्या काही गिऱ्हाइकांबरोबर गेल्या, ते बरंच झालं.

मामूंकडे याशिका कंपनीचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत डोकावायचं. एका रोलमध्ये बारा फोटो. कॅमेऱ्याला कातडी म्यान आणि म्यानाला कातडी पट्टा. मामू त्याला तसमा म्हणायचे. हा शब्द आपल्या जुन्या मराठीतही आहे. लग्नाच्या कामाला निघण्यापूर्वी त्यांचा एक नियम असे. रोल, फ्लॅश, सेल हे सगळं नंतर, पहिल्यांदा तसमा. पट्टा जिथे कड्यात अडकवलेला असतो तिथे ते अंगठा फिरवायचे. उजेडात धरून शिवण बघायचे. मग दोन्ही हातांनी पट्ट्याला एक जोरदार हिसका द्यायचे. नांगराला बैल जुंपण्याआधी शेतकरी जोत्याचं कातडं तपासतो, तसंच. मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटायचं. मामू तेव्हा पन्नाशीचे होते. म्हणजे आज मी आहे त्याच वयाचे.

१९८६ सालचा उन्हाळा. लग्नसराई जोरात होती. एके दिवशी मामू म्हणाले, "बेटा, तसमे की सिलाई खुल रही है. एक टाका डलवा ला." कोपऱ्यावर चप्पल-बूट शिवणारे एक काका बसायचे. एक रुपयाचं काम. मी हो म्हटलं आणि विसरलो. आठ दिवसांनी एका लग्नाला निघताना मामूंनी विचारलं, "टाका डाला?" मी म्हणालो, "जी." भांडणाची, ओरडा खाण्याची भीती नव्हती. विसरलो म्हणायला लाज वाटली, एवढंच. त्या दिवशी मामूंनी स्वतः हिसका देऊन पाहिला नाही. भाच्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

लग्न जुन्या शहरातल्याच एका घरात होतं. पुरुषांकडचे फोटो मामूंनी काढले आणि मग कॅमेरा माझ्या गळ्यात घालून मला जनान्यात पाठवलं. मिसरूड नीट फुटलं नव्हतं, त्यामुळे मला आत जायला मुभा होती. नवरीची आजी तक्तपोसावर बसली होती. ऐंशीच्या पुढची. सगळे तिला दादीअम्मा म्हणत. जन्मात तिनं फोटो काढू दिला नव्हता. तिच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना फोटो नको वाटायचा, त्यात नवल नव्हतं. पण त्या दिवशी नवरी हट्टाला पेटली. "दादी, एक मेरे साथ." म्हातारी बराच वेळ नाही म्हणत राहिली. मग तिनं ओढणी सारखी केली, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ले, जल्दी ले." मी फोटो घेतला. तो अकरावा होता. बारावा विदाईसाठी राखून ठेवला.

आणि अंगणात उतरताना, दुसऱ्या का तिसऱ्या पायरीवर, गळ्यातलं ओझं एकदम हलकं झालं. शिवण सुटली होती. खाली शहाबादी फरशी. कॅमेरा कोपऱ्यावर आपटला, खालचा खटका उघडला आणि मागचं झाकण सताड उघडं पडलं. भर दुपारचं ऊन. मी झडप घालून झाकण लावलं, पण फिल्मला एक क्षणही पुरतो.

रात्री अंधाऱ्या खोलीत मामूंनी रोल धुतला. पहिले सात-आठ फोटो चांगले आले. पुढचे हळूहळू काळवंडत गेले आणि अकरावा पूर्ण काळा. याचं कारण साधं आहे. काढलेले फोटो रिळावर एकावर एक गुंडाळले जातात. पहिला सगळ्यांत आत, शेवटचा सगळ्यांत बाहेर. उजेड शिरला की तो बाहेरच्याला आधी खातो. जो फोटो सगळ्यांत महत्त्वाचा होता तोच सगळ्यांत बाहेर होता.

दोन दिवसांनी मामू मला घेऊन त्या घरी गेले. झालं ते त्यांनी स्वतःची चूक म्हणून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. पैसे परत करू लागले तर घरच्यांनी घेतले नाहीत. पुन्हा एक फोटो काढू द्या, अशी विनंती आतपर्यंत गेली. आतून निरोप आला, "एक बार हां बोली थी. बस." पुढच्या वर्षी दादीअम्मा गेली. मतदार ओळखपत्रावरचे फोटो आपल्याकडे १९९३ नंतर सुरू झाले. सरकारी कारणानं का होईना, तिचा फोटो निघण्याआधीच ती गेली. त्या नातीला आज स्वतःची नातवंडं आहेत. आजी कशी दिसायची, हे त्यांना दाखवायला तिच्याकडे काही नाही.

मामू मला रागावले नाहीत. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या त्या काकांकडे नेलं, समोर बसवलं आणि टाका घालताना बघायला लावलं. काम पाच मिनिटांत झालं. परत येताना एकच वाक्य बोलले, "तसमा पहले बोलता है, बेटा. सुनने वाला चाहिए."

श्रोतेहो, पुढे मी फोटोग्राफर झालो नाही. पण लेण्यांमध्ये, लग्नांत, साहित्य संमेलनांत कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की माझी नजर आधी त्याच्या पट्ट्याच्या जोडावर जाते. आणि मामूंचं ते वाक्य किती खरं आहे हे मला वारंवार दिसलं आहे. पट्टा एकदम तुटत नाही. आधी सांगतो. धागा विसवतो, कडा झिजते, कडी ढिली होते, स्क्रू अर्धा फेरा मागे येतो. हे सगळं दिसण्यासारखं असतं. आपण बघत नाही.

पूर्वी पट्ट्याची गरजच नव्हती. आपल्या अजिंठ्याचंच बघा. रॉबर्ट गिल नावाचे ब्रिटिश लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होते. त्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या तैलरंगातल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेल्या. पण गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळसारख्या लेण्यांच्या त्यांच्या फोटोंचं पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली लंडनला प्रसिद्ध झालं होतं. चित्रं जळाली, फोटो उरले. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी आणि निगेटिव्ह काचेची. ती पेटी गळ्यात अडकवायची वस्तूच नव्हती. तिपाईवर ठेवायची, फोटो काढायचा, काच जपून उतरवायची. काच हातातून निसटली तर फोटो गेला, त्यामुळे धांदल करायची सोयच नव्हती.

मग कॅमेरे लहान होत गेले. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला. असे लहान कॅमेरे खिशात मावू लागले, माणसाबरोबर चालू लागले. तिपाईचे तीन पाय गेले आणि सगळा भार माणसाच्या गळ्यावर आला. गळा आणि कॅमेरा यांच्या मधे उरला तो पट्टा.

आता थोडं गणित. छातीच्या उंचीवरून, म्हणजे सव्वा मीटरवरून, सुटलेली वस्तू जमिनीवर पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. आपल्या हातातून काही निसटलं हे मेंदूला कळून हात हलायलाच जवळजवळ पाव सेकंद जातो. उरलेल्या पाव सेकंदात झेल घेणं क्रिकेटपटूला जमेल, तेही त्याचं लक्ष असेल तर. जमिनीवर आदळताना त्या वस्तूचा वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास असतो. लग्नात वापरतात तो मोठ्या भिंगाचा कॅमेरा दोन किलोच्या वर जातो. दोन किलोचं लोखंड सायकलच्या वेगानं फरशीवर आपटावं, तसा हा आघात. आतली भिंगं केसाएवढ्या अंतरानं सरकली तरी फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट येऊ लागते. पडल्यामुळे झालेलं नुकसान कंपनीच्या साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

मग करायचं काय? मामूंची पद्धत आजच्या कॅमेऱ्यांनाही लागू पडते. फक्त कातड्याच्या जागी नायलॉन आलं आहे.

पहिली गोष्ट, नायलॉनचा पट्टा मधे क्वचितच तुटतो. दगा होतो तो जोडावर. बकलातून पट्ट्याचं टोक एकदाच घालून सोडून दिलं तर हिसका बसला की ते सरसर निसटतं. टोक कड्यातून घालून परत मागे आणायचं, छोट्या फासातून आणि बकलातून ओवायचं आणि तीन-चार बोटं शेपूट शिल्लक ठेवायचं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग खाली गादी असेल अशा ठिकाणी उभं राहून दोन्ही बाजूंना जोरात ओढून बघायचं. गादीवर पडला तर काही बिघडत नाही, आणि जे बिघडायचं ते घरीच कळतं. कॅमेऱ्याच्या अंगावरची ती लहान त्रिकोणी कडीही बघायची. धातूवर धातू घासून ती आतून बारीक होत जाते. किल्ल्यांच्या जुन्या जुडग्याची कडी झिजते, तशी.

दुसरी गोष्ट, हल्ली एक पट्टा निघाला आहे, तो कॅमेऱ्याच्या बुडाला, तिपाईच्या स्क्रूच्या भोकात बसवतात. कॅमेरा कमरेशी उलटा लोंबतो आणि झटकन वर घेता येतो. लग्नातल्या पोरांना तो फार आवडतो. सोयीचा आहे, नाही असं नाही. पण त्यात सगळा भार एका पाव इंची स्क्रूवर असतो आणि चालताना बसणाऱ्या झोक्यांनी स्क्रू हळूहळू उलटा फिरतो. मोटरसायकलचे नटबोल्ट खड्ड्यांनी ढिले होतात, तेच हे. म्हणून तासा-दोन तासांनी बोटानं स्क्रू आवळून बघावा. आणि कॅमेऱ्याच्या वरच्या कडीतून मजबूत दोरीचा एक जादा फास पट्ट्याला बांधून ठेवावा. स्क्रू सुटला तरी कॅमेरा त्या फासावर लोंबकळत राहील.

तिसरी गोष्ट, भिंग जड असेल तर कॅमेऱ्याला धरून उचलू नये, भिंगाला खालून हात द्यावा. तान्ह्या बाळाच्या मानेखाली हात घालतो, तसा.

चौथी गोष्ट घरातली. कॅमेरा टेबलावर ठेवला आणि पट्टा खाली लोंबत राहिला, म्हणजे अपघाताची तयारी झाली. रांगतं मूल पट्टा ओढतं, चालणाऱ्याचा गुडघा अडकतो, खुर्ची सरकवताना पायात येतो. रक्षण करणारी वस्तूच ओढणारी होते. टेबलावर ठेवताना पट्टा वर घ्यावा, कॅमेऱ्याभोवती गुंडाळावा. आणि बॅग उचलण्याआधी चेन लागली आहे का, ते हातानं चाचपावं. बॅगेतून पडलेले कॅमेरे गळ्यातून पडलेल्यांपेक्षा काही कमी नसतील.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची. "भाऊ, आमचा एक फोटो काढता का?" बीबी का मकबऱ्यासमोर हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. आपण कॅमेरा पुढे करतो, समोरचा हात पुढे करतो, आपल्याला वाटतं त्यानं धरला, त्याला वाटतं अजून आपल्याच हातात आहे. मामूंचा नियम होता, आधी पट्टा समोरच्याच्या गळ्यात घालायचा, मग कॅमेरा हातात द्यायचा आणि विचारायचं, "धरला?" तो "धरला" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. विहिरीवर घागर हातोहात देताना बायका हेच करतात.

पट्ट्याचा एक धोकाही सांगितला पाहिजे. नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ओढणी मोटरसायकलच्या चाकात अडकून झालेले अपघात आपण पेपरात वाचतो. गळ्यातला लांब पट्टाही तसाच अडकू शकतो. म्हणून दुचाकीवर कॅमेरा बॅगेतच ठेवावा. मळणी यंत्र, रसवंती, पिठाची गिरणी अशा फिरत्या यंत्रांजवळ फोटो काढायचे असतील तर पट्टा कॅमेऱ्यावरून काढूनच ठेवावा. लहान मुलाच्या गळ्यात खेळायला म्हणून पट्टा घालू नये. एरवी चालताना मात्र तो सरळ गळ्यात लोंबता ठेवण्यापेक्षा एका खांद्यावरून तिरपा घेतलेला बरा. मानही दुखत नाही आणि वाकलं की कॅमेरा पुढे झोकांडत नाही.

आणि पट्टा नुसता पडण्यापासून वाचवतो असं नाही, फोटोही सुधारतो. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि परवानगीशिवाय तिपाईही चालत नाही. उजेड बेताचा, हात थरथरतो, फोटो हलतो. अशा वेळी पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढे ढकलावा. इतका, की पट्टा दोरीसारखा ताणला जाईल. त्या ताणानं कॅमेरा स्थिर होतो. श्वास रोखून फोटो घ्यावा. तिपाई बाहेर ठेवावी लागली तरी पट्टा थोडंफार तिचं काम करतो.

इथवर मी वस्तूबद्दल बोललो. आता माणसाबद्दल.

वेरूळला सोळाव्या क्रमांकाचं लेणं, कैलास, आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अखंड डोंगर वरून खाली कोरत आणला आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी, म्हणजे आठव्या शतकाशी, ते जोडलं जातं. पुष्कळ लोक बाजूच्या वाटेनं डोंगरावर चढतात आणि कड्यावरून खाली संपूर्ण देऊळ बघतात. दृश्य विलक्षण असतं. खालच्या अंगणात माणसं मुंगीसारखी दिसतात. वरचा प्रत्येक जण हात लांब करून मोबाइल कड्याबाहेर धरतो. उंची धरा सुमारे ३० मीटर. तिथून सुटलेला कॅमेरा किंवा मोबाइल अडीच सेकंदांत खाली पोहोचतो आणि हवेचा अडथळा सोडला तर त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या वर जातो. खाली कुणाचं तरी मूल हत्तीच्या शिल्पाशी खेळत असतं. म्हणजे तिथे पट्टा आपल्या कॅमेऱ्यासाठी नसतो, त्या मुलाच्या डोक्यासाठी असतो. देवगिरीच्या तटावर, म्हैसमाळच्या कड्यावर, अजिंठ्यासमोरच्या व्ह्यू पॉइंटवर हीच गोष्ट. मोबाइललाही मनगटात घालायची दोरी मिळते, कव्हरला अडकवता येते, चहा-भज्यांच्या खर्चात येते. कड्यावर जायचं असेल तर ती असावी. अजिंठा-दौलताबादची वानरंही लोंबणारी, चमकणारी वस्तू ओढायला मागेपुढे बघत नाहीत. तेव्हा ती नुसती असून भागत नाही, मनगटात असली पाहिजे.

याहून मोठी गोष्ट पुढची आहे. हातातली वस्तू निसटली की हात आपोआप तिच्यामागे झेपावतो. हाताच्या मागे खांदा जातो, खांद्याच्या मागे देह. अंगणात याचं काही वाटत नाही. कड्यावर, तटावर, धरणाच्या भिंतीवर, रेल्वेच्या दारात हा एक क्षण जीव घेऊ शकतो. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, अशी आपली म्हण आहे. इथे हातचं म्हणजे आपला प्राण. म्हणून घरातल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. पडतंय ते पडू द्या. लाख रुपयांचं असलं तरी पडू द्या. आणि खरं म्हणजे पट्टा त्याचसाठी आहे, झेपावण्याची वेळच येऊ नये म्हणून. ज्याला ठाऊक आहे की वस्तू मनगटाला बांधलेली आहे, तो दचकून पुढे झुकत नाही.

एवढं करूनही कॅमेरा पडलाच तर काय करावं? तो लगेच चालू करून बघायचा मोह आवरावा. आधी बंद करावा, बॅटरी काढावी आणि आतलं फोटोंचं कार्ड काढून वेगळ्या खिशात ठेवावं. भिंगाची काच फुटली असेल तर कॅमेरा हलवू नये, तुकडे आत जातात. दुरुस्ती होईल किंवा होणार नाही. पण कार्डातले फोटो बहुतेक वेळा शाबूत असतात, आणि खरी किंमत त्यांचीच असते. मामूंचा कॅमेरा नंतर मुंबईहून दुरुस्त होऊन आला आणि कितीतरी वर्षं चालला. अकरावा फोटो मात्र परत आला नाही. आज फिल्म नाही, उजेडाची भीती नाही. या बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात.

कुणी म्हणेल, अशा चुका नवशिक्यांच्या होतात. तसंही नाही. १९६६ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या जेमिनी १० या मोहिमेत मायकेल कॉलिन्स यानाबाहेर अवकाशात असताना त्यांचा कॅमेरा सुटला आणि दूर निघून गेला. हेच कॉलिन्स पुढे १९६९ साली चंद्रावर गेलेल्या अपोलो ११ मोहिमेत होते. २००६ सालच्या डिसेंबरमध्ये आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या सुनीता विल्यम्स यांचाही कॅमेरा अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना सुटून गेला. जिथे काही खाली पडतच नाही, तिथेही वस्तू बांधून ठेवावी लागते. जगातली अत्यंत शिस्तीची, अत्यंत तयारीची ही माणसं. त्यांच्याही हातून निसटतं. मग जनान्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलात, असं मी कधी कधी स्वतःला समजावतो. पण त्यांनी टाका घातल्याचं खोटं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

मामूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. त्यांचा नातू फोटो काढतो. गेल्या पावसाळ्यात मी त्याच्याबरोबर वेरूळला गेलो होतो. डोंगर हिरवा, कड्यावर गर्दी, पायाखाली ओलं शेवाळ. त्यानं बॅगेतून कॅमेरा काढला. पट्टा होता, पण हाताभोवती गुंडाळून ठेवला होता.

मी म्हटलं, "बेटा, पट्टा गळ्यात घाल."

"चाचा, तो मधे मधे येतो. फोटो घेता येत नाही."

"मग फोटो घेऊ नको."

तो हसला. थोडा वैतागला असणार, पण त्यानं पट्टा गळ्यात घातला. मग मी कॅमेरा हातात घेतला, जोडावरून अंगठा फिरवला, उजेडात शिवण बघितली आणि दोन्ही हातांनी एक हिसका दिला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. "दादाही असंच करायचे म्हणे," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, असंच."

त्यानं तासभर फोटो काढले. खाली शाळेची सहल आली होती. मुलांचा कलकलाट वरपर्यंत ऐकू येत होता. काही पडलं नाही, काही तुटलं नाही, कुणाला काही लागलं नाही. आम्ही खाली उतरलो, मक्याची कणसं खाल्ली आणि घरी आलो. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. आणि श्रोतेहो, आज मला नेमकं तेच तुम्हाला सांगायचं होतं.

आज घरी गेलात की कॅमेरा बाहेर काढा. मोबाइलची दोरी, मुलाच्या दप्तराचा बंद, पाण्याच्या बाटलीचा पट्टा, जे असेल ते. जोडावरून एकदा अंगठा फिरवा. तो काही सांगत असेल तर ऐका. आणि कुणी विचारलं, टाका घातला का, तर घातला असेल तरच हो म्हणा.